चौथ्या सीझनमधलं भरीत

हेमलताला कोणी विनोदी मालिकांची वेडी म्हटलेलं खपत नसे. वेड्या म्हणजे शेजारच्या प्रमिलाबाई. पडद्यावर कोणी घसरून पडलं की प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा घसरला तरी तेवढ्याच हसायच्या. हेमलता आधी बघायची, पारखायची, आणि पटलं तर नाकातून एक लहानसा आवाज काढायची. बस, तेवढंच. ललित म्हणायचा, मावशीचा तो आवाज मिळवणं म्हणजे मोठी परीक्षा पास होणं.

ललित तिच्या रावेरच्या बहिणीचा मुलगा. जळगावला कॉलेजात आला तेव्हा मावशीकडेच राहिला. त्याच सुमारास टीव्हीवर 'खिदळवाडी' सुरू झाली होती. रविवारी संध्याकाळी दोघं शेंगा फोडत बघायची आणि संपल्यावर त्यावर बोलायची. पहिला सीझन हेमलताला मनापासून आवडला होता. त्यातला कंपाउंडर गावभर इंजेक्शनं देत फिरायचा, पण सासूला टोचायची वेळ आली की हात कापायचे. अख्खा भाग संपायचा, सुई काही टोचली जायची नाही, आणि तरी हसून पोट दुखायचं. का, ते तिने ललितला सांगितलं होतं. त्या सासूला आधी नीट उभी केली होती म्हणून. तिचा धाक आपल्यालाही वाटायचा म्हणून.

दुसऱ्या सीझनमध्ये तोच कंपाउंडर दर भागाला घाबरायला लागला. तिसऱ्यात पुरुषांनी साड्या नेसल्या, एकमेकांच्या ढुंगणावर लाथा मारल्या, आणि नवीन सिनेमा आला की त्यातली नटमंडळी वाडीत पाहुणी म्हणून येऊन नाचून जायला लागली. मागून हशा सोडायची नवी खोड लागली होती. कधी कधी तर माणूस तोंड उघडायच्या आतच हशा यायचा. "आता हे हसवत नाहीत, बगलेत बोटं घालून गुदगुल्या करतात," असं हेमलता म्हणाली होती. ललित तेव्हा मुंबईत होता. तिसऱ्या सीझनच्या शेवटी शेवटी त्याला त्याच मालिकेच्या लेखकांत काम मिळालं आणि मावशीचं हे वाक्य त्याने तिथे सगळ्यांना ऐकवलं, असं त्याने फोनवर सांगितलं. दर सोमवारी तो फोन करायचा. कसा वाटला भाग, काय खटकलं, कुठे कंटाळा आला. ती स्पष्ट सांगायची आणि तो ऐकून घ्यायचा. तिच्या दिवसांत त्या फोनची मोठी जागा होती, कारण त्या घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

नवरा होता. प्रेमराज पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, तब्येतीने ठणठणीत, चारचौघांत गप्पिष्ट. पण गेली कित्येक वर्षं हेमलता त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी पुनम. तिने धुळ्याच्या लखनशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, पण जातीबाहेरचा. प्रेमराज मूळचा धुळ्याकडचाच, त्याचे सगळे भाऊबंद तिकडे; त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही असं तो म्हणायचा. पुनमने या घरात पाऊल टाकायचं नाही आणि या घरातल्या कोणी तिच्या दारात जायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. हेमलता चोरून शेजारच्या फोनवरून तिच्याशी बोलायची. पुढे एका पावसाळ्यात पुनमला डेंग्यू झाला आणि तो अंगावर काढला गेला. दवाखान्यातून लखनने प्रेमराजच्या मोबाइलवर फोन केला. हेमलता आतल्या खोलीत झोपली होती. प्रेमराजने फोन घेतला, ऐकून ठेवला आणि तिला उठवलं नाही. सकाळीही सांगितलं नाही. सांगितलं ते पुनम गेल्यावर, तिकडे सगळं उरकल्यावर, आणि तेही जेवता जेवता.

त्यानंतर हेमलता बोलली नाही. आरडाओरडा केला नाही, माहेरी निघून गेली नाही. स्वयंपाक करत राहिली, कपडे धूत राहिली, फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. ललित राहायला आला तेव्हा निरोप त्याच्यामार्फत जायचे. तो मुंबईला गेल्यावर अडचण झाली. मग कसं कोण जाणे, दोघं टीव्हीशी बोलायला लागली. बातम्या देणाऱ्या बाईकडे बघून हेमलता म्हणायची, "जेवण झाकून ठेवलंय." प्रेमराज हवामान सांगणाऱ्याला म्हणायचा, "उद्या मी गावाला जाणारे." असं चालू होतं.

ललितला हे सगळं माहीत होतं. पुनमचंही. एका उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालताना हेमलताने स्वतः त्याला सांगितलं होतं. त्याने तिचा हात धरला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता.

चौथा सीझन आला तेव्हा ललित मुख्य लेखक झाला होता. त्याने आधीच सांगून ठेवलं, मावशी, यंदा खानदेश येतोय वाडीत. पहिला भाग लागला. हेमलता खुर्चीत बसली होती, प्रेमराज पलीकडे पलंगावर. वाडीत नवीन जोडपं राहायला आलं, भाऊ आणि अक्का. म्हातारे, खानदेशी, आणि एकमेकांशी न बोलणारे. अक्का टीव्हीवरच्या बातम्यांच्या बाईला म्हणाली, "भाकरी टोपल्यात शे." भाऊ हवामानवाल्याला म्हणाला, "माझा चष्मा सापडत नाही शे." मागून हशा फुटला.

हेमलताच्या हातातली शेंग हातातच राहिली. आधी तिला वाटलं, असं कुठेही घडत असेल. पण अक्काने डोक्यावरचा पदर जसा कानामागे खोचला तसा ती स्वतः खोचायची. भाऊ पाणी पिताना जसा घसा खाकरत होता तसा प्रेमराज खाकरायचा. मग वाडीतल्या कोणीतरी विचारलं, तुमचं भांडण झालं तरी कशावरून? भाऊने उसासा टाकला आणि सांगितलं की पंधरा वर्षांपूर्वी भरतात मिरची जास्त पडली होती. त्याने ताट सरकवलं, अक्काने तोंड मिटलं.

पलंगावर प्रेमराज हसत होता. मोठ्याने, मांडीवर थापा मारून. पुनम लहान असताना तो असा हसायचा.

"हाई ते आपलंच घर शे!" तो टीव्हीला म्हणाला.

सोमवारी ललितचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. पहिल्याच भागाची क्लिप लाखो लोकांनी बघितली होती, भाऊ-अक्का सगळीकडे फिरत होते, चॅनलचे लोक खूश होते. त्याने विचारलं, कसा वाटला? हेमलता म्हणाली की रावेरकडे कोणी 'आहे'ला 'शे' म्हणत नाही, अक्का जर तिकडची दाखवलीस तर तिच्या तोंडी ते चुकीचं आहे. आणि धुळ्याकडचा माणूससुद्धा प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'शे' बांधत नाही. ललित हसला. म्हणाला, बाहेरच्या लोकांना तेवढंच कळतं, त्यावरच हशा मिळतो.

"चिडली नाहीस ना?" त्याने विचारलं.

"भरीत कुठून आणलंस?"

"काहीतरी कारण द्यायला लागतंच ना मावशी. खरं कारण कसं देणार? कॉमेडीत मरण चालत नाही."

गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून तिने फोन ठेवला. दूध ठेवलेलं नव्हतं.

बाकी लोकांना चौथा सीझन फार आवडला. पेपरात छापून आलं की खिदळवाडीला पुन्हा जीव आला. प्रमिलाबाई येऊन म्हणाल्या की आजवरचा सगळ्यात भारी सीझन हाच, आणि मग डोळे बारीक करून म्हणाल्या, तुमच्याकडेही असंच काहीसं आहे ना हो? हेमलताचं मत वेगळं होतं. मालिका म्हणूनसुद्धा वेगळं होतं. दोन माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात, ती मिरचीपायी धरत नाहीत. बघणाऱ्याला हे आतून कळत असतं, आणि म्हणून तिसऱ्या-चौथ्या भागानंतर त्या दोघांकडे फक्त लकबी उरतात. पहिल्या सीझनच्या कंपाउंडरमागे सासू होती. या दोघांमागे काहीच नव्हतं. ललितने काढून टाकलं होतं. पण हे ती कोणाला सांगणार? सांगायची सवय ज्याची होती त्यानेच हे लिहिलं होतं. सोमवारच्या फोनवर ती 'बरा होता' म्हणायला लागली, आणि ललितला ते पुरलं.

खरं दुखणं पुढेच होतं. ते भाऊ आणि अक्का म्हणजे आम्हीच, असं प्रेमराज लोकांना सांगायला लागला. आधी कट्ट्यावरच्या मित्रांना, मग नातेवाइकांना, मग रस्त्यात भेटेल त्याला. ललित आमच्याकडेच राहायचा, सगळं इथूनच उचललंय त्याने. माणसं कौतुकाने घरी यायला लागली. प्रेमराज त्यांना टीव्हीसमोरची जागा दाखवायचा, मी इथे बसतो, ती तिथे. आणि लोक हसत हसत विचारायचे, मग ते भरताचंही खरं का?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो जरा थांबला होता. हेमलता स्वयंपाकघरात चहा गाळत होती, तिने ते थांबणं ऐकलं. मग तो म्हणाला, "खरं म्हणजे काय, डोळ्यांतून पाणी आलं होतं माझ्या."

पुढे पुढे तो थांबेनासा झाला. भरतात भर पडत गेली. वांगी भादलीची होती, तुराट्यांवर भाजली होती, पाहुणे जेवायला बसले होते, मिरच्या हिरव्या लवंगी होत्या. हेमलता आतून ऐकायची. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की तो आता खोटं बोलत नाहीये. त्याला ते तसंच आठवतंय. ललितने त्याला एक जागा दिली होती, बसायला सोयीची, आणि तो तिथे जाऊन बसला होता. त्याला तिथून उठवायचं तर तिला त्याच्याशी बोलावं लागणार होतं. आणि न बोलणं एवढंच पुनमचं म्हणून तिच्याजवळ उरलं होतं.

हिवाळ्यात 'खिदळवाडी'ची मंडळी गावोगावी कार्यक्रम करत निघाली. जळगावचा मुक्काम ठरला तेव्हा ललित मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. अंगाने भरला होता, बोलताना मोबाइल पालथा ठेवायचा आणि पुन्हा सुलटा करायचा. चॅनलची इच्छा आहे, म्हणाला, की खऱ्या भाऊ-अक्कांना स्टेजवर बोलवायचं. दोनच मिनिटं. निवेदक विचारेल, काका उत्तर देतील, मावशीने नुसतं बसायचं, अबोला आहेच, तीच गंमत आहे. प्रेमराजने तिथल्या तिथे होकार दिला. ललितने तिच्याकडे बघितलं. ती नाही म्हणेल असं त्याला वाटत असावं, कारण ती 'येते' म्हणाली तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उतरला.

तिने काय ठरवलं होतं ते तिचं तिलाही धड ठाऊक नव्हतं. एवढंच वाटत होतं की तो ते भरीत पुन्हा एकदा, एवढ्या लोकांसमोर, माईकवर सांगणार आहे, आणि त्या वेळी आपण घरी स्वयंपाकघरात असता कामा नये.

सभागृह खच्चून भरलं होतं. भुसावळ, वरणगाव, रावेरहून माणसं आली होती. दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं, मध्ये एक बंद टीव्ही ठेवला. तेवढ्यावरच टाळ्या पडल्या. निवेदकाने विचारलं आणि प्रेमराजने सांगितलं. छान सांगितलं. भादलीची वांगी, तुराट्या, डोळ्यांतलं पाणी. कुठे थांबायचं ते आता त्याला जमायला लागलं होतं. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पुढे येत होते. निवेदक माईक घेऊन हेमलताकडे वळला आणि म्हणाला, अक्का, आज तरी सांगा, खरंच एवढं तिखट झालं होतं का?

हेमलताने माईक हातात घेतला. टीव्हीकडे न बघता ती खुर्चीतच प्रेमराजकडे वळली. इतक्या वर्षांत तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

"लखनचा फोन आला तेव्हा पुनम जिवंत होती," ती म्हणाली. "तुम्ही मला उठवलं का नाही?"

मग पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "बोलली! अक्का बोलली!" आणि सगळं सभागृह फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. ती काय बोलली ते कोणी ऐकलंच नव्हतं. ती बोलली हेच त्यांनी ऐकलं. निवेदकाने दोन्ही हात वर केले. ढोल-ताशा मोठ्याने सुरू झाला. हेमलता तोंडाजवळ माईक धरून पुन्हा म्हणाली, "मी तुम्हाला विचारतेय," पण माईक बंद झाला होता. तिने विंगेकडे बघितलं. तिथे ललित उभा होता, आवाजाच्या मशीनवर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. त्याचा दुसरा हात अजून वरच होता, संगीत वाजवा अशी खूण करताना उचललेला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

प्रेमराज उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण ओठ मघाचेच हसरे होते. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून त्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा तिचं वाक्य त्यात नव्हतं. ती वळताना दिसत होती, ओठ हलताना दिसत होते, वर ढोल वाजत होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत आलं होतं, 'अखेर अक्का बोलल्या!' प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती गोड, म्हणाल्या. ललितचा फोन त्या सोमवारी आला नाही, पुढच्याही नाही. एक मेसेज आला, सॉरी मावशी, लाइव्ह प्रोग्राम होता, माझ्या हातात काही नव्हतं. तिने तो पुसून टाकला.

आणि घरात प्रेमराज तिच्याशी सरळ बोलायला लागला. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाला, "चहा ठेव गं." सहज, जणू मधली वर्षं नव्हतीच. जगाच्या दृष्टीने अबोला सुटला होता, त्याच्याही दृष्टीने सुटला होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने दिलं नाही, आणि ती गप्प बसली तर 'आता कसला राग' म्हणून हसायचा. तिच्याजवळचं तेवढंही गेलं होतं.

तो भाग टीव्हीवर लागला त्याच आठवड्यात ती धुळ्याला गेली. कोणाला न सांगता, एसटीने. लखनचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. तो जाडजूड झाला होता, केस पिकायला लागले होते. तिला बघून तांब्याच्या तारेचं रीळ खाली ठेवून उभा राहिला आणि "मामी" म्हणाला. घर दुकानाच्या मागेच होतं. त्याने दुसरं लग्न केलं होतं, दोन मुलं होती. त्याच्या बायकोने, दिपमालाने, काही न विचारता चहा ठेवला. मुलं दारातून टकमक बघत होती. धाकटीने विचारलं, तुम्ही टीव्हीवरच्या अक्का ना? दिपमालाने तिला आत ओढलं.

हेमलताने लखनला विचारलं की शेवटी पुनम काय म्हणाली. हे विचारायला ती आजवर आली नव्हती. आपल्यासाठी काही निरोप असेल आणि तो आपण घेतला नाही, अशी भीती होती.

लखनने कप खाली ठेवला. "खोटं नाही सांगत मामी," तो म्हणाला. "दुपारपर्यंत तुमचं नाव घेत होती. रात्री कोणाला ओळखत नव्हती. मला पण नाही." मग म्हणाला की फोन त्याने एकदा नाही, तीनदा केला होता, पहिला आदल्या रात्री, मग सकाळी, मग दुपारी. तिसऱ्यांदा प्रेमराजने सांगितलं होतं की ती यायचं नाही म्हणते.

हेमलताने चहा संपवला. दिपमालाने तिची ओटी भरली, तिने भरू दिली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती एकच वाक्य मनात घोळवत होती. ती यायचं नाही म्हणते. पुनमने दुपारपर्यंत आईचं नाव घेतलं होतं, आणि हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, ते लखनला विचारायचं हेमलताला सुचलं नव्हतं. आता पुन्हा जाऊन विचारायचा धीर नव्हता.

ती घरी आली तेव्हा प्रेमराज पलंगावर बसून जुना भाग बघत होता. "कुठे होतीस दिवसभर?" त्याने विचारलं.

"धुळ्याला. लखनकडे."

त्याने रिमोट उचलून आवाज वाढवला. हेमलता टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली आणि लखनने सांगितलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं, तीन फोनांसकट. तो तिच्या बाजूने पडद्याकडे बघायचा प्रयत्न करत राहिला. मग उठला, चपला घातल्या आणि कट्ट्यावर निघून गेला.

आता ती रोज बोलते. जेवायला बसला की पुनमचं बोलते. आज तिचा वाढदिवस असता, हा पाटा तिने घ्यायला लावला होता, तिसरा फोन किती वाजता आला होता. ओरडत नाही, रडत नाही, वाढता वाढता बोलते. प्रेमराज मान खाली घालून जेवतो. भरताची गोष्ट त्याने सांगायची सोडली, कारण पाहुण्यांपुढे तो सुरू झाला की ती आतून येऊन उभी राहते. पाहुणेही कमी झाले. तो हल्ली तिला काही विचारत नाही, चहासुद्धा मागत नाही. पुढ्यात येईल ते घेतो.

पाचवा सीझन सुरू झालाय. प्रमिलाबाई म्हणतात, भाऊ आणि अक्का आता बोलायला लागल्यामुळे पहिल्यासारखी मजा राहिली नाही.